तुरट तीर्थ

"निघाला! निघाला! बघा, धूर निघाला!"

लखन माइकवर एवढ्यानं ओरडला की मंडपाच्या बांबूंवर बसलेली कबुतरं भुर्रकन उडाली. स्टेजवर काचेचं मोठं भांडं होतं. एका म्हाताऱ्या बाईनं त्यात नुकतीच चूळ थुंकली होती. क्षणापूर्वी आरपार दिसणारं ते पाणी आता शाईसारखं काळंकुट्ट झालं होतं. लखननं भांडं दोन्ही हातांनी वर धरलं, चारी दिशांना फिरवलं. माणसं उभी राहिली, हात जोडले, कुणी गालावर चापट्या मारून घेतल्या.

सुरतच्या गोडादऱ्यातल्या त्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी आठपासून दीड-दोन हजार माणसं जमली होती. धुळे-जळगाव-नंदुरबारकडून लूमवर, साड्यांच्या मिलमध्ये पोट भरायला आलेली, परभणी-बुलढाण्याकडची बांधकामावरची. निम्मी खोकत होती. उरलेली निम्मी खोकणाऱ्यांना धरून बसली होती.

स्टेजच्या मधोमध वायुनाथ महाराज. अंगात भगवी कफनी, गळ्यात लिंबांची माळ, पायात पांढरे शुभ्र स्पोर्ट शूज.

"माणसाच्या छातीत बहात्तर हजार नळ्या!" महाराजांनी छातीवर थाप मारली. "डॉक्टरला विचारा. त्याला दोनच ठाऊक. एक नाकाची, दुसरी बिलाची!"

माणसं हसली. हसणं खोकण्यात मिसळलं.

"तुमच्या नळ्यांत भरलाय धूर. या जन्माचा धूर, मागल्या जन्माचा धूर, शेजारीण तुमच्यावर जळली तिचा धूर! आता डॉक्टरचा हा तोंडानं ओढायचा पंप काय करतो? वरून फूस करून तो धूर आणखी आत ढकलतो. घरात घाण साचली तर आत ढकलता का बाहेर काढता?"

"बाहेर!"

"मग टाका तो प्लास्टिकचा वारा!"

स्टेजच्या पायरीशी एक निळा ड्रम ठेवला होता, मिलमध्ये रंगाचे येतात तसला. त्यात निळे, तपकिरी, जांभळे पंप पडत होते. पडताना टकटक आवाज व्हायचा. प्रत्येक आवाजाला महाराजांचा चेला लखन "बोला वायुनाथ महाराज की!" म्हणायचा.

तिसऱ्या रांगेत भाईदास बसला होता. वय अठ्ठावन्न. साड्यांच्या डाइंग मिलमध्ये रंग कालवण्याच्या खोलीत त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. रंगाची भुकटी तोलायची, कालवायची, बाहेर आलं की बॉयलरचा कोळशाचा धूर, त्यावर बिडी. बिडी सोडून आठ वर्षं झाली होती, पण धाप लागायची सुटली नव्हती. दिवाळीपासून तर शर्टाची बटणं लावायलाही मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. एक वाक्य एका दमात बोलता येत नव्हतं. रात्री आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून तो भिंतीला टेकून बसूनच झोपायचा.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या हेतलबेन डॉक्टरांनी त्याला महिन्याभरापूर्वी पंप दिला होता. कसा ओढायचा ते तीनदा करवून घेतलं होतं. भाईदासनं विचारलं होतं, "बेन, बरा कधी होणार?" त्यांनी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "मटशे नहीं, काका. पण सचवाशे." बरं होणार नाही, पण सांभाळता येईल. भाईदासला त्यातलं पहिलंच ऐकू आलं. घरी येऊन त्यानं रागानं जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. आणि इथं हा माणूस ठणकावून सांगत होता, 'एकवीस दिवसांत धावाल!'

"नंबर उना तुमना," त्याची बायको शोभाबाई म्हणाली. तिनं त्याच्या काखेत हात घातला. "उठा. मी धरस."

पाच पायऱ्या चढायला त्याला पाच मिनिटं लागली. महाराजांनी आधी स्वतःच्या तांब्यातल्या पाण्याची चूळ भरून भांड्यात थुंकली. पाणी स्वच्छच राहिलं. "ही साधूची छाती!" मग लखननं पितळी लोट्यातलं तीर्थ भाईदासच्या ओंजळीत ओतलं. "तोंडात घोळवा काका. नीट घोळवा. सगळ्या नळ्यांना पोचलं पाहिजे."

भाईदासनं चूळ तोंडात घेतली आणि चमकला.

जीभ एकदम खरखरीत झाली, गालाची आतली कातडी आवळली. ही चव तो जन्मात विसरला नसता. त्याचे वडील पारोळ्याचे रंगारी. लुगड्याचे काळे काठ रंगवायला त्यांच्याकडे दोन कढया असायच्या. एकीत हिरड्याचं पाणी, दुसरीत हिराकस, म्हणजे लोखंडाच्या हिरवट क्षाराचं पाणी. सूत आधी हिरड्यात बुडवायचं, मग हिराकसात. दोन्ही पाणी वेगवेगळं असेपर्यंत काही दिसत नाही. एकत्र आलं की काळंभोर. लहानपणी भाईदासनं हिरडे चघळले होते, बापाचा मार खाल्ला होता.

त्यानं काचेच्या भांड्याकडे पाहिलं. लखननं नुकतंच नवीन 'गंगाजल' ओतलं होतं. इतरांना ते स्वच्छ दिसत असेल. अठ्ठावीस वर्षं रंग पाहिलेल्या डोळ्यांना त्यातली किंचित हिरवी झाक लपली नाही. हिराकस!

थुंकण्याच्या आधीच त्याला कळलं होतं की पाणी काळं होणार.

तो थुंकला. पाणी काळं झालं.

"निघाला! अठ्ठावीस वर्षांचा मिलचा धूर निघाला!"

समोर शोभाबाई हात जोडून रडत होती. भाईदासनं तोंड उघडलं, पण बोलायला छातीत वारा नव्हता. आणि खरं सांगायचं तर बोलायची इच्छाही नव्हती. बुडणारा माणूस हातात आलेली दोरी कुठल्या दुकानातली आहे हे विचारत नाही. लखननं त्याच्या हातात राखाडी भुकटीच्या पुड्या ठेवल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. शोभाबाईनं पिशवीतून पंप काढला आणि ड्रममध्ये टाकला.

टक्.

तिसऱ्या दिवशी भाईदास उठून स्वतः मोरीपर्यंत गेला. चौथ्या दिवशी आडवा होऊन झोपला. पाठ गादीला लागली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दहाव्या दिवशी तो चालत चालत पर्वत पाटियाच्या नाक्यापर्यंत जाऊन आला, वाटेत फक्त तीनदा थांबला. भूक अशी लागायची की ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकरी ठेच्याबरोबर खाऊन तो पाचवी मागायचा.

"देव पावना," शोभाबाई गल्लीभर सांगत सुटली.

भाईदासच्या मनात हिरडा होता. पण त्यानं स्वतःची समजूत घातली होती. पाणी काळं करायची गंमत लोकांना जमवायला असेल. पुडी तर खरी आहे ना? मी चालतो आहे ना? मग त्या पाण्याचं मला काय करायचंय?

पुढच्या रविवारी लखन त्याला न्यायला रिक्षा घेऊन आला. स्टेजवर उभं करून म्हणाला, "ओळखलंत का? याच काकांना गेल्या वेळी धरून आणावं लागलं होतं!" भाईदास माइकवर बोलला. एका दमात तीन वाक्यं बोलला. टाळ्या पडल्या. आयुष्यात त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तेव्हापासून दर रविवारी रिक्षा यायची, आणि त्याच्या पुड्या कधी संपू दिल्या जायच्या नाहीत.

त्याच गल्लीत चार घरं सोडून इंदुबाई राहायची. परभणीकडची. नवरा बळीराम लूमवर होता, ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. तिनं जन्मात बिडी ओढली नव्हती. पण आठव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेली बाई. सुरतेत आल्यावर गॅस आला, तो फक्त स्वयंपाकाला. अंघोळीचं पाणी अजून दारातल्या चुलीवरच तापायचं, आणि त्यात जळायच्या साड्यांच्या चिंध्या. फुकट मिळतात, भराभर पेटतात. त्या जळताना असा उग्र वास सुटायचा की डोळ्यांना धार लागायची. गेल्या तीन हिवाळ्यांत इंदुबाईला तीनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती भाईदासच्या ओट्यावर येऊन बसली. पदराच्या गाठीतून पंप काढून तिनं मांडीवर ठेवला.

"भाऊ, तुम्ही शिकलेले, मिलमधले. बाकीचे काय बी बोलतेत. मला खरं सांगा. सोडू का ह्यो पंप?"

भाईदासनं तिच्याकडे पाहिलं. ओठांशी सगळं आलं होतं. ते पाणी हिरड्यानं काळं होतं बाई, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग पुडीचं काय? आणि त्या प्रश्नाची त्याला भीती वाटत होती.

"मला तर बरं वाटतंय," तो म्हणाला.

इंदुबाईनं मान हलवली. रविवारी तिनं पंप ड्रममध्ये टाकला.

तिलाही बरं वाटलं. पंधरा दिवस ती उत्साहानं खडे चिकटवत गाणी गुणगुणायची. भाईदासचं तोंड या दिवसांत गोल गरगरीत झालं होतं, पावलं सुजली होती. लोक म्हणायचे, अंगाला लागलं. त्याला रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागायचं, तहान भागत नव्हती. त्यानं तिकडेही लक्ष दिलं नाही.

जानेवारी लागला तसा महाराजांनी मुक्काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला हलवला. तिकडे कारखाने जास्त, खोकणारे जास्त. गोडादऱ्याच्या लोकांना निरोप आला, "उत्तरायण होईपर्यंत पुडी बंद. शरीर शुद्ध होऊ द्या." भाईदासचा डबा मात्र लखननं भरून ठेवला होता. इंदुबाईच्या पुड्या त्याच दिवशी संपल्या.

थंडी अचानक वाढली. सकाळी सकाळी गल्लीत दर दोन घरांआड चिंध्यांच्या शेकोट्या पेटायच्या, धूर वर जायचाच नाही, जमिनीशी साचून राहायचा. इंदुबाईच्या घरी नातवाला सर्दी झाली. तीन दिवसांनी इंदुबाईचं नाक वाहू लागलं. आणखी दोन दिवसांनी कफ हिरवा-पिवळा झाला आणि छाती वाजू लागली.

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी सगळी सुरत गच्चीवर होती. आकाशात पतंग मावत नव्हते. स्पीकर लावलेले, तिळाच्या चिक्क्या वाटल्या जात होत्या, आणि दर क्षणाला कुठून तरी पतंग कापल्याची आरोळी उठत होती, "काइपो छे!" खाली गल्लीत इंदुबाई खाटेच्या कडेला बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वरखाली होत होते, गळ्याच्या खाली खड्डा पडत होता. ओठ जांभळे.

"दवाखान्यात न्या!" भाईदास म्हणाला.

"तिकडं नगं," इंदुबाई एकेक शब्द तोडत म्हणाली. "म्हाराज... रागावतील... पंप सोडलाय..."

बळीरामनं रिक्षा केली आणि इच्छापोर गाठलं. तिथं रांग होती. महाराजांनी तिला बघून कपाळाला आठ्या घातल्या. "धूर फार जुना. तीनदा चूळ भरावी लागेल." तिनं तीनदा चूळ भरली. चूळ तोंडात धरायलासुद्धा श्वास उरला नव्हता, अर्धी अंगावर सांडली. भांडं तिन्ही वेळा काळं झालं, लोकांनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मग महाराज म्हणाले, "आता सगळा निघाला. घरी न्या, झोपू द्या."

दोन तास गेले होते. परतीच्या वाटेवर ती बोलेनाशी झाली तेव्हा बळीरामनं रिक्षा हॉस्पिटलकडे वळवायला लावली. मांज्याच्या भीतीनं रिक्षावाला हळू चालवत होता. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं, तोवर इंदुबाईची मान बळीरामच्या खांद्यावर पडली होती.

अंत्ययात्रेला भाईदास स्मशानापर्यंत चालला. पुडीच्या जोरावर. तो जोर त्याला पहिल्यांदा अंगात घुसलेल्या परक्या माणसासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुड्या रुमालात बांधून तो हेतलबेनच्या टेबलापुढे उभा राहिला. त्यांनी वर पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, मोढुं केम फूली गयुं? तोंड एवढं का सुजलंय? काय घेताय?"

त्यानं रुमाल सोडला. त्यांनी त्याचं बोट टोचून साखर पाहिली. तीनशे साठ. मग त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं, हिरड्यापासून उत्तरायणपर्यंत. मराठीत, मध्येच गुजरातीत, त्या प्रश्न विचारत गेल्या.

"इंदुबेनकडे पाणी कशावर तापायचं?"

"चिंध्यांवर."

"आधी सर्दी कुणाला झाली?"

"नातवाला."

"पुडी एकदम बंद झाली?"

"एकदम."

"अने पंप?"

"ड्रममध्ये टाकला."

"दर वर्षी माझ्याकडे हीच माणसं येतात," हेतलबेन म्हणाल्या. "दिवाळी झाली, फटाक्यांचा धूर, थंडी. मग उत्तरायण. घरात एकाला सर्दी होते, त्याला काहीच होत नाही, आणि ज्याची छाती आधीच खराब आहे तो आठवड्यात इथं असतो. काहीजणांना पूर्वी टीबी होऊन गेलेला असतो. बायका म्हणतात, आम्ही तर बिडी ओढत नाही. अरे, चुलीनं ओढवलीच ना त्यांना! दर झटक्यात छाती थोडी कमी होते, काका. ती कमी झालेली परत येत नाही. म्हणून तर पंप रोज."

"मग पुडीनं मी चाललो कसा?"

त्यांनी भुकटी चिमटीत घेऊन पाहिली. "मला वाटतं यात स्टिरॉइड आहे. तपासून घेऊ. तोवर पुडी एकदम सोडू नका, आणि हा नवीन पंप आजपासून रोज."

आठ दिवसांनी एका फार्मसी कॉलेजातून ओळखीनं तपासणी होऊन आली. राखेत आणि सुंठीच्या भुकटीत मिसळलेलं स्टिरॉइड, तेही बेसुमार.

"हे औषध मीही देते," हेतलबेन म्हणाल्या. "झटका आला की पाच दिवस. मोजून, साखर बघून, पंपाबरोबर. नळ्यांची सूज उतरते, भूक लागते, माणूस उठून बसतो. त्यात चमत्कार काही नाही. पण दोन महिने दिलं तर शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. साखर चढते, हाडं पोकळ होतात, साध्या सर्दीशी लढायची ताकद जाते. अने एकदम बंद केलं, तर माणूस कोसळतो. तुम्हीसुद्धा एकदम सोडायचं नाही. मी लिहून देते तसं हळूहळू कमी करू."

"ती वाचली असती?"

हेतलबेननी चिठ्ठी लिहून त्याच्यापुढे सरकवली. "गेले तीन हिवाळे वाचली होती ना?"

इंदुबाईच्या तेराव्याला भाईदास बळीरामच्या दारात गेला. जेवायला बसला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं सांगितलं, पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं. तिनं मला विचारलं तेव्हाही ठाऊक होतं.

बळीराम उठला. त्याच्या हाताची मूठ वळलेली होती, पण ती त्यानं उगारली नाही.

"मंग तवा का नाही बोल्लास?"

"माझा दम जाईल म्हणून भ्यालो."

"अन् तिचा गेला." बळीराम दाराला धरून उभा राहिला. "मला सांगून काय उपेग? तितं सांग. जितं ती टाळ्या ऐकून आली, तितं."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी वायुनाथ महाराज गोडादऱ्याला परतले. लखनची रिक्षा नेहमीप्रमाणे भाईदासला न्यायला आली. भाईदासच्या खिशात प्लास्टिकच्या बाटलीत बिनदुधाचा गार चहा होता. हेतलबेन दवाखान्यातल्या दोन नर्सेसना घेऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या. बळीराम खांबापाशी उभा होता. पुडी कमी केल्यापासून भाईदासची धाप परत आली होती, पायऱ्यांवर त्याला दोनदा थांबावं लागलं.

"बोला काका, तुमचा अनुभव!" लखननं माइक दिला.

"अनुभव सांगतो," भाईदास म्हणाला. "आधी महाराजांनी... या लोट्यातली चूळ भरावी. आम्हाला देता... त्याच लोट्यातली."

महाराज हसले. "साधूला तीर्थाची गरज नाही, बाळ."

"मग लखनभाईनं भरावी. तरणाबांड आहे. बिडी नाही, खोकला नाही."

लखननं माइक हिसकावायला हात पुढे केला. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "भर ना रे! कसाले घाबरस?" आणखी दोघं-चौघं ओरडली. लखन भांड्याकडे बघत मागे सरकला.

"राहू द्या," भाईदासनं बाटली काढली. "हा चहा. कोपऱ्यावरच्या टपरीवरचा. याला ना छाती, ना नळ्या."

त्यानं चहा 'गंगाजलात' ओतला. पाणी कडेपासून गडद होत होत काळंभोर झालं. शाई. अगदी त्यांच्या सगळ्यांच्या छातीतून निघाली होती तशी.

मागच्या रांगांतली माणसं टाचा उंचावून भांड्याकडे बघू लागली.

"आता सांगा," भाईदास म्हणाला, "या चहानं... मागल्या जन्मी किती बिड्या ओढल्या?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांच्या गळ्यात ती लिंबांची माळ होतीच. भाईदासनं त्यातलं एक ओढून तोडलं, दातानं फोडलं आणि भांड्यात पिळलं. त्यानं आणखी एक पिळलं, मग तिसरं. काळं पाणी फिकट होत गेलं.

"बघा, पाप गेलं! मी रंगाऱ्याचा मुलगा आहे. लोट्यात हिरडा आहे... भांड्यात हिराकस. माझा बाप याच्यावर लुगडी रंगवायचा. मला पहिल्या दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही. पुडीनं बरं वाटत होतं म्हणून. पुडीत स्टिरॉइड आहे. डॉक्टरबेन मागे बसल्यात, कागद त्यांच्याकडे आहे." त्याला थांबावं लागलं. छाती भात्यासारखी चालली होती. "मला डॉक्टरनं खरं सांगितलं, बरा होणार नाहीस. मी रागावलो. यानं खोटं सांगितलं, याच्या पाया पडलो. आणि इंदुबाईनं मला विचारलं... तेव्हा मी गप्प बसलो. ती मेली. तिला यानं मारलं, आणि मी मारलं."

त्याला पुढे बोलता येईना. तो पायरीवरच बसला.

मग गोंधळ उडाला. कुणी भाईदासला शिव्या दिल्या, "पैसे खाल्ले असतील डॉक्टरकडून!" एक म्हातारा थरथरत ओरडला, "पन आमाले बरं वाटस त्याचं काय?" हेतलबेन त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि पुडी एकदम सोडू नका, उद्या दवाखान्यात या, हे त्यालाच नाही तर आजूबाजूच्या पन्नासजणांना दहादा सांगत राहिल्या. काही बायका ड्रमपाशी गेल्या आणि कुठला पंप कुणाचा ते बघू लागल्या. नर्सेसनी त्यांना थांबवलं, दुसऱ्याच्या तोंडचा घेऊ नका, नवीन देतो. या गडबडीत पांढरे स्पोर्ट शूज मंडपाच्या मागच्या बाजूनं गाडीत बसून निघूनही गेले. लखन दोन दिवसांनी पोलिसांना सापडला. महाराज अजून सापडलेले नाहीत. कुठंतरी दुसऱ्या नावानं दुसऱ्या भांड्यात काहीतरी काळं होत असेलच.

दवाखान्यात सोमवारी रांग लागली. सगळेच आले नाहीत. दोघंजण त्या महिन्यात गेले, त्यांची नावं गल्लीत हळू आवाजात घेतली जातात.

बळीराम भाईदासशी बोलत नव्हता. समोरासमोर आला तर तोंड फिरवायचा. मार्चमध्ये, होळीच्या दुसऱ्या दिवशी, भाईदासला सर्दी झाली. तिसऱ्या सकाळी कफाचा रंग बदलला आणि धाप वाढली. पंप घेऊनही उतरेना. शोभाबाई घाबरून दारात आली. "माय वं, कोनी शे का?"

कामावर निघालेला बळीराम थांबला. त्यानं आत डोकावलं. भाईदास गुडघ्यांवर हात रोवून बसला होता. खांदे वरखाली होत होते. बळीरामनं हे सगळं एकदा पाहिलं होतं. तो कोपऱ्यापर्यंत पळाला, रिक्षा घेऊन आला, भाईदासला उचलून आत बसवलं आणि शेजारी बसला.

"भाऊ..." भाईदास म्हणाला.

"बोलू नको," बळीराम म्हणाला. "दम राखून ठेव." आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "सरळ हॉस्पिटल. मधी कुटंच थांबायचं नाही."

वाफेचं मशीन, ऑक्सिजन, पाच दिवसांच्या मोजलेल्या गोळ्या. सहाव्या दिवशी भाईदास घरी आला. छाती पहिल्यापेक्षा थोडी कमी झाली होती, ती तशीच राहणार होती.

आता तो संध्याकाळी ओट्यावर बसतो आणि जो कोणी खोकत जाईल त्याला थांबवतो. त्याचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतं, पण तेच ते असतं. चिंध्या जाळू नका. घरात कुणाला सर्दी असेल तर दमेकऱ्याला दूर बसवा. पंप रोज घ्या, बरं वाटलं तरी घ्या. कफाचा रंग बदलला, धाप वाढली, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पुडी देणारा कुणीही असो, भगवा असो की पांढऱ्या कोटातला, त्याला एकच विचारा, 'यात काय आहे? नाव सांग.' औषधाला नाव असतं. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका. आणि तुम्हाला काही ठाऊक असेल, तर विचारायला आलेल्या माणसाला ते त्याच दिवशी सांगा.